वेशीवरचा पाहुणा

११ मार्च

प्रिय चिमणे,

तू बरी असशील असं धरून चालते. मी ठणठणीत. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतं कोण?

आधी बातमी. आपला कॉम्प्युटरवरचा खेळ बंद पडायचा होता, तो वाचला. कसा वाचला ते कळल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांनी नवं सॉफ्टवेअर काढलंय! पूर्वी पडद्यावर नुसती अक्षरं असायची. 'दार उघड', 'उत्तरेला जा' असं आपण टाइप करायचं, आणि गाव, जंगल, राक्षस आपापल्या डोक्यात उभे राहायचे. आता शेजारी नकाशा, दाराला बटण, बोलायलासुद्धा तयार वाक्यांची बटणं. शिवाय एक बाई सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. मी मालकांना म्हटलं, "आता घास भरवायचा तेवढा राहिलाय."

"बाई," ते म्हणाले, "नव्या माणसाला काय लिहायचं तेच कळत नाही. पहिल्या दारातूनच पळतात. सर्व्हर चालू ठेवू कुणासाठी? तुमच्या एकटीसाठी?"

एकटीसाठी! शब्द बघ कसा नेमका शोधला मेल्याने.

माणसं आली मात्र, झुंडीने. आणि खेळातल्या गावाच्या वेशीवर त्यांच्या स्वागताला उभं कुणाला केलं? मला. परवा एक पठ्ठ्या पुन्हा पुन्हा विहिरीत उडी मारत होता. मी विचारलं, "अहो, तहान लागलीय की जिवाला कंटाळलात?"

"बटण मोठं होतं, आजी."

"आजी कुणी सांगितलं तुम्हाला?"

"रागावता त्यावरून."

असले लोक! पण माझं दुखणं निराळं आहे. पूर्वी मला कुणाचं नाव वाचावं लागत नसे. शाळेत सिस्टरनी आपल्याला एकाच यंत्रावर टायपिंग शिकवलं, पट्टीचा मारही सारखाच दिला, तरी तुझ्या लिहिण्यात स्वल्पविराम औषधाला सापडायचा नाही. दोन शब्दांत कळायचं, आली बया. आता सगळे एकच बटण दाबतात, "नमस्कार, मी नवीन आहे." कोण कुठला, काही पत्ता लागत नाही.

गेल्या आठवड्यापासून एक जण येतो. नावही 'पाहुणा' एवढंच. सगळे जंगलाकडे धावतात, हा माझ्याजवळ बसून राहतो. मी म्हटलं, "उत्तरेला जा, तिकडे गंमत आहे." त्याने बटण दाबलं, "इथेच थांबतो." दुसऱ्या कुणाला मी फाडून खाल्लं असतं. ह्याला काही बोलवेना.

चिमणे, खेळाचा कंटाळा आला म्हणालीस, यायची बंद झालीस, मी ऐकून घेतलं. उजवा हात चालत नाही, हे मला तुझ्या सुनेकडून कळावं? कपसुद्धा डाव्या हाताने उचलतेस म्हणे. मी काय शेजारीण आहे, जिला घरातलं सांगायचं नसतं?

तर ऐक. बटणं मोठी करा, डाव्या अंगठ्याला पोचतील अशी ठेवा, म्हणून मालकांच्या डोक्यावर बसले ती मीच. ते हसले, "बाई, विरोधही तुमचाच आणि मागणीही तुमचीच?" मी म्हटलं, "कामाचं बघा."

पाहुणा कोण, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायचं आणि तू नसायचीस, मग? रोज त्याला घरच्या गोष्टी सांगत बसते. तू नसलीस तर त्या बिचाऱ्याला आपल्या घरातली सगळी भांडणं आता तोंडपाठ असतील.

असलीस तर थांब, जाऊ नकोस. नसलीस तर ये. तुझे शब्द नसले तरी चालतील मला. पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस, हात दुखेल.

अजून रागातच असलेली, पण वेशीवरून न हललेली,

तुझी ताई