दिंडोरीची नवरी

४ मे १९८५

हो म्हणाले मी! तोंडातून निघालंच कसं?

दुपारी दिंडोरीहून जीपने बाप-लेक आले. बाप मल्हारीआबा. द्राक्षबागायतदार, पांढरी टोपी, पार्लरच्या दारात चपला काढून संकोचून उभे. मुलगी मैना, नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा दिलेली. लग्न १२ तारखेला. आबा म्हणाले, "बाई, हळद लागली की नवरी उंबऱ्याबाहेर पडत नाय. तवा तुम्हीच या. हळदीच्या दिशी या, मुक्काम करा, सकाळी पोरीला नटवा." आणि मी खुशाल मान हलवली!

आजवर केलंय काय मी? इंदिरानगरातल्या बायकांच्या भुवया, फेशियल, फार तर केस कापणं. नवरी एकच सजवली, तीही ह्यांच्या मावसबहिणीची. घरातली म्हणून तिने गोड मानून घेतलं. दादरला कोर्स केला तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "सिंधू, हात चांगला आहे तुझा, पण तुझाच त्याच्यावर विश्वास नाही." आजही नाही.

हे म्हणतात, मोठी माणसं आहेत, एक लग्न नीट झालं तर अख्खा तालुका येईल तुझ्याकडे. आणि नीट नाही झालं तर? ते नाही बोलले.

७ मे

शेजारच्या लताबाईच्या भुवया करताना हात थरथरला. "अगं, माझ्यावर शिकतेस होय गं?" म्हणून ती हसली. तिची बहीण दिंडोरीतच दिलेली आहे. म्हणजे तिथे जे होईल ते आठ दिवसांत इथल्या गल्लीत!

१० मे

पेटी भरली. रिकामी केली. पुन्हा भरली.

१२ मे

आज लग्नाचा दिवस — आणि मी घरी! कालचं लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

दिंडोरीत पोचले तर घर माणसांनी भरलेलं. मैनाची आजी नवसाबाई — घरात शब्द तिचा — मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "कोणाच्या तुम्ही?" म्हटलं, नाशिकच्या. "ते झालं वो, पण कोणाच्या?" तेवढ्यात तिला कोणी हाक मारली, सुटले. खोली दिली ती देव्हाऱ्याच्या शेजारची. आम्ही बौद्ध आहोत हे मी आपणहून का सांगायचं? नाहीच सांगायचं. पण न सांगता सारखी दाराकडे बघत राहिले, हेही खरं.

दुपारी घोटीहून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या, नवऱ्याला लावून उरलेली. मैनाला पाटावर बसवलं, तोंडाला, हातापायांना चोपडली, मग आंघोळ. पाहुण्या मांडवात चहा-चिवड्याला बसल्या. मैना माझ्या खोलीत आली, आतून कडी लावली आणि म्हणाली, "ताई, ब्लीच करा."

म्हटलं, अगं, उद्या मेकअप आहेच. नाही! "आत्ताच करा. तिकडच्या सगळ्या गोऱ्या हायेत. पण आजीला नका सांगू, ओरडंल." तोंड अजून पिवळं होतं. पण हळद काय वाईट? चेहऱ्याला चांगलीच की! वाटीत पावडर घेतली, पेरॉक्साइड घातलं, अमोनियाचे थेंब टाकले. लावलं.

आधी कडेला लालसर दिसलं. मला वाटलं, उजेडाचं. मग गाल. मग कपाळ. लालभडक! पुसायला घेतलं तर आणखी पसरलं. साबणाने धुतलं तर आणखीच लाल! "थांब मैना, थांब" म्हणेपर्यंत पोरगी कडी काढून थेट मांडवात!

मग जो गोंधळ उडाला! नवसाबाई घोटीच्या बायकांवर धावून गेल्या — "हळदीत चुना कालवला सटव्यांनी! माझ्या नातीचं त्वांड भाजलं!" तिकडून नवऱ्याची आई उसळली, "आमचा पोरगा तीच हळद लावून बसलाय, त्याला काय झालं नाय! तुमच्या पोरीच्याच अंगात दोष हाय, आमच्यापासून लपवला व्हता!"

मला कोणी काही विचारलंच नाही. मैनासुद्धा एक शब्द बोलली नाही, नुसती मान खाली घालून उभी. मी वाटी पुसली, पेटीत ठेवली आणि संध्याकाळच्या एस.टी.त बसले. खिडकीतून मागे बघितलंही नाही. बोलले नाही मी. बोलले नाही!

१३ मे

मैनाने माझं नाव का नाही घेतलं? मला वाचवलं असणार, बिचारीने. स्वतःवर एवढं येऊनही!

१५ मे

लग्न मोडलं.

लताबाई सांगत आली. घोटीच्या बायका तशाच उठून गेल्या, दुसऱ्या दिवशी नवरा आलाच नाही. पोरीच्या तोंडाचा रंग दोन दिवसांत उतरला, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? कोणी म्हणतं कोड आहे, कोणी म्हणतं रक्तात दोष आहे. "पाठची बहीणही आहे गं तिला लग्नाची. कोण करणार आता त्या घरातली मुलगी?" मी तेव्हा तिच्याच भुवया करत होते. एक झाली होती. दुसरीला हात उचलेना. म्हटलं, दोरा चांगला नाही, उद्या या. एक भुवई केलेली, एक तशीच — अशी घरी पाठवली तिला!

१८ मे

पार्लर बंद. दारावर "तब्येत बरी नाही" लिहून लावलंय.

दुपारी समोर जीप थांबली. चोराच्या मनात चांदणं! मी पळत जाऊन मोरीत दडून बसले. शेजाऱ्यांचे पाहुणे होते.

मला हे काम येतच नाही. पावडर जास्त पडली असणार, नाहीतर थेंब. चेहऱ्यांना हात लावायची लायकीच नाही माझी. दादरच्या बाई काही म्हणोत.

२० मे

नवसाबाईंचा चुना डोक्यातून जाईना. म्हातारी असं का म्हणाली? कारण हळदीत चुना पडला की लाल होतं, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. आणि अमोनियाही चुन्यासारखाच असेल तर?

उठले. हळद कालवून हाताला चोपडली, आंघोळीसारखी धुतली, त्यावर ब्लीच लावलं. लाल! अगदी तस्संच लाल! घरात लिंबू होतं, ते पिळलं. पिवळं! पुन्हा दुसऱ्या हातावर. लाल. पिवळं. मी एकटीच स्वयंपाकघरात हसत होते नि डोळे पुसत होते.

माप चुकलं नव्हतं. हात चुकला नव्हता. हळदीच्या अंगाला हे लावायचं नसतं, एवढंच. आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दादरच्या वर्गात हळदीची नवरी येणार कुठून!

पण आनंद टिकला नाही. कारण पोरीच्या अंगात दोष नाही, हे आता मला पक्कं ठाऊक आहे, आणि मी गप्प आहे.

२१ मे

ह्यांना सगळं सांगितलं. आधी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस." मी म्हटलं, तिकडे एका मुलीचं नाव जातंय. जिल्हा परिषदेत दिवसभर फायली वाचणारा माणूस, आवाज कधी चढवत नाही. तसाच हळू म्हणाले, "दुसऱ्या कोणाची चूक झाली तर लोक चूक म्हणतात. आपली झाली की जात काढतात. हे तुला मी सांगायचं का?"

नको सांगायला. शाळेतल्या पाण्याच्या माठापासून माहीत आहे. ह्यांचं काही खोटं नाही. पार्लर एकदा बसलं की बसलं, मग कोण येणार आहे माझ्याकडे तोंड घेऊन? दोघंही न जेवता उठलो.

२३ मे

सीबीएस स्टँडपर्यंत गेले. दिंडोरीची गाडी लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता, चला, चला, दिंडोरी! चढले नाही. उसाचा रस प्यायले आणि घरी आले.

भित्री! भित्री! भित्री!

२५ मे

गेले!

पिशवीत हळद, ब्लीचचं सामान, लिंबं. ओसरीवर आबा आणि नवसाबाई बसलेले. बसा म्हणायच्या आत बोलून टाकलं, उभ्या उभ्याच, नाहीतर पळाले असते. "चुना नव्हता आजी. मी ब्लीच केलं होतं. मैनात काही दोष नाही." आणि बाही वर सरकवून दाखवलं. हळद, ब्लीच, लाल. लिंबू, पिवळं.

आबा माझ्या हाताकडे बघत राहिले. "बाई, हे त्याच दिशी बोलल्या असत्या तर?" म्हटलं, "घाबरले."

नवसाबाईंनी मात्र लाखोली वाहिली. माझा, माझ्या पार्लरचा, सगळ्या नाशिकचा उद्धार केला. ऐकून घेतलं. शेवटी पुन्हा तेच — "कोणाच्या गं तू?" या वेळी कोणी हाक मारली नाही. म्हटलं, "आम्ही बौद्ध." म्हातारीने मला पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ते मागून बघू. आधी जीपमधी बस. मला दावलं ते घोटीला दाव." पाणीसुद्धा विचारलं नाही. पण जीपमध्ये स्वतःच्या शेजारी बसवलं, हेही लिहायला हवं.

मैना दारात उभी होती. डोळ्यांना धारा. जवळ घेतलं तर लाकडासारखी ताठ. म्हटलं, रडून घे बाई, सुटलीस.

घोटीला त्यांच्या भातगिरणीच्या अंगणात सगळी आळी गोळा झाली. पुन्हा तेच सगळं करायचं, तेही त्या बायकांसमोर! एक जण मागून म्हणाली, "काय जादूटोणा बिदूटोणा नाय ना?" तरी माझा हात? जरासुद्धा हलला नाही! नवऱ्याच्या आईला विश्वास बसेना, म्हणाली माझ्या हाताला लावा. लाल झालं तशी किंचाळली, लिंबाने उतरलं तशी हसायलाच लागली. "अगं बया, पोरीवर उगाच आळ घेतला गं!" तिथल्या तिथे नवी तारीख धरली, ९ जून.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, जात काढली की नाही ते माहीत नाही, पण मी कोणाची ते सांगून आले. ह्यांनी ताट वाढून घेतलं आणि माझंही वाढलं.

२९ मे

पार्लर उघडलं. पहिली लताबाईच! उरलेली भुवई तिने घरीच चिमट्याने केली होती, वाकडी. जागेवर आणली. "हात अगदी निवळलाय गं तुझा," म्हणाली.

दोघी-तिघी ठरवून आल्याच नाहीत. ब्लीचचं कळलं की जातीचं, कोण जाणे. वाईट वाटलं, राग तर फारच आला. पण पूर्वीसारखी मोरीत नाही दडले. दार सताड उघडं ठेवून बसले.

३ जून

दिंडोरीहून आबांचा निरोप. मेकअपला मीच यायचं! नवसाबाईंनीच सांगितलंय म्हणे. आज दिवसभर गुणगुणत होते.

७ जून

आबा लग्नाच्या कापडासाठी नाशकात आले होते, मैनाला भुवया करायला माझ्याकडे सोडून गेले. मी दोरा दातात धरलेला. ती डोळे मिटून, भुवईवरची कातडी दोन बोटांनी ताणून धरून पडलेली. तशीच बोलायला लागली, अगदी हळू.

"ताई, ब्लीच मी मुद्दाम मागितलं होतं. शाळेत हळदीच्या कागदावर अमोनिया टाकून बघितला होता आम्ही. लाल होतो. पहिल्यांदा इथं आले तवा तुमच्या बाटलीवर अमोनिया वाचलं. म्हटलं, तोंड काय, चार दिवसांत उतरंल. लग्न मोडंल, मी कॉलेजला जाईन. आबांना सांगून झालं, आजीच्या पाया पडून झालं, कोण ऐकतंय! लोक काय पण बोलू देत, मला चालणार होतं. मोडलं होतं ताई. तुम्ही कशाला आलात?"

माझ्या दातांत दोरा तसाच.

तिने डोळे उघडले. "या टायमाला दुसरं काहीतरी असंल ना तुमच्याकडं?"

८ जून

पहिल्या गाडीने दिंडोरीला निघालेय. नवसाबाईंसमोर उभी राहून लग्न मोडायला सांगणार आहे. हे म्हणाले, वेडी झालीस का. म्हणू देत.