पेटी चौदा, तुकडा सहावा

मंगळवार, ३ सप्टेंबर

पेटीवालीचा फोन. समुद्राच्या तळातून काढलेल्या खडकांचं गोदाम सांभाळतात त्या बाई. हजारो पेट्या, थंडगार खोल्या, बाराही महिने अंगात स्वेटर. म्हणाल्या, "मॅडम, सगळ्या पेट्यांचे नव्याने फोटो काढतोय. पेटी चौदा, सहावा तुकडा — त्याच्यावरचा बाण तुम्हीच काढलाय ना?"

हो, मीच.

"नाही, बाणाशेजारचं अक्षर ओळखीचं वाटलं. तेवढंच विचारायचं होतं."

तेवढंच! तेवढंच विचारायला कुणी फोन करतं का? फोन ठेवला आणि चहा गाळायला घेतला. कप शेजारी तसाच, चहा सगळा मोरीत. हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "काय झालं गं?" म्हटलं, काही नाही. तेहेतीस वर्षं सगळ्यांना हेच उत्तर देते आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर

बूड टेकवत नाही. ऑफिसातलं कपाट आवरायला काढलं आणि तीन तासांत जास्तच पसारा करून ठेवला. निवृत्तीला सव्वीस दिवस. अठ्ठावीस तारखेला सत्कार. त्याची सगळी धावपळ वकील करतोय.

वकील म्हणजे माझा पहिला पीएच.डी.चा विद्यार्थी. हे नाव मीच ठेवलं होतं. चहा गरम आहे म्हटलं तरी "कशाच्या तुलनेत?" विचारायचा. आता स्वतः विभागप्रमुख आहे, पोट सुटलंय, पण फोनवर अजून उभा राहून बोलतो म्हणे माझ्याशी! आज विचारत होता, "मॅडम, तुमच्या भाषणाचं नाव 'अकरा सेंटिमीटर' ठेवू?" ठेव म्हटलं. नाही कशी म्हणणार?

इथे तरी सरळ लिहिते. समुद्राचा तळ मधोमध फाटत असतो. फटीतून लाव्हा वर येतो, थिजतो, दोन्ही बाजूंना सरकतो — आपली नखं वाढतात साधारण त्या वेगाने. थिजताना त्यातले लोखंडाचे कण पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणे झुकून बसतात आणि मग तसेच राहतात. हा चुंबक मधूनमधून उलटा होतो, उत्तरेची दक्षिण होते. खडकात त्याची नोंद राहते. पेटी चौदामधला माझा सहावा तुकडा उलटा निघाला. वरचे पाच सुलटे, खालचे तीन सुलटे, मधला अकरा सेंटिमीटरचा उलटा! म्हणजे कुणाला माहीत नसलेली एक छोटीशी उलटापालट. मी सत्तावीस वर्षांची होते. पुस्तकांतल्या उलटापालटींच्या तक्त्यांत तिथे एक बारीक रेघ आहे. ती माझी.

पुढे वकिलाने दुसऱ्या समुद्रातून, दुसऱ्या बोटीच्या खडकात तीच उलटापालट शोधून काढली. चार तुकडे. तेव्हापासून कुणी शंका घेतलेली नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

कालचं पान कोरं. परवा जे लिहिलं नाही ते आज लिहून टाकते.

बोटीवर अठ्ठेचाळीस माणसं, त्यांत मी एकटी बाई. खडकाची कांडी नळीतून बाहेर आली की आधी प्रत्येक तुकड्यावर बाण काढायचा — वरची बाजू कुठली त्याचा. मग बाकीचं. त्या दिवशी मी ओकत होते. म्हटलं, वर मोकळ्या हवेत जाऊन बाण काढू. पेटी उचलली, जिना चढायला लागले, बोट कलली आणि पेटी हातातून गेली. नऊ तुकडे जिन्यावर.

एकेक गोळा केला. तुटलेल्या कडा एकमेकींना जुळवल्या. आठ तुकडे बरोबर बसले. सहाव्याच्या कडा झिजलेल्या होत्या, असाही बसत होता आणि तसाही. शंका असेल तर बाण काढायचा नाही आणि तो तुकडा मोजायचा नाही, हा नियम. मला तोंडपाठ होता. मी दोनदा फिरवून पाहिला, मनाला वाटला तसा ठेवला आणि बाण काढला. जिन्यावर कुणी नव्हतं.

सांगितलं का नाही? पहिल्याच दिवशी कप्तान सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बाईमाणूस बोटीवर? बघू किती दिवस टिकतात." पेटी पाडली असं सांगितलं असतं तर पुढची दहा वर्षं एकाही मुलीला बोटीवर घेतलं नसतं. हे खरं आहे. आणि मी घाबरले होते, हेही खरं आहे. इतकी वर्षं पहिलंच कारण पुढे करत आले.

सोमवार, ९ सप्टेंबर

वर्गातल्या मुलांना घेऊन उल्केच्या विवरावर. माझी शेवटची सहल. पाय दुखले, पण मन जरा ताळ्यावर आलं.

लोकांना वाटतं, बाळ झालं म्हणून मी समुद्र सोडला आणि उल्कांच्या खड्ड्यांकडे वळले. बाळाचं निमित्त बरं सापडलं. खरं म्हणजे मला पुन्हा ती पेटी बघायची नव्हती. मग या गोल तळ्यामागे सतरा वर्षं लागले. हा ज्वालामुखी आहे म्हणणाऱ्यांशी भांडले, गारगोटीच्या कणांतल्या, उल्केच्या दणक्यानेच पडणाऱ्या समांतर रेघा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दाखवून त्यांची तोंडं बंद केली. ते काम चोख आहे. त्यातला एकही कण मी अंदाजाने ठेवलेला नाही.

विवराच्या काठावर थर उलटे पडलेत. धक्क्याने जमीन गादीवरची चादर दुमडावी तशी मागे दुमडली, जुना खडक वर आणि नवा खाली. म्हणून माझा ठरलेला पहिला प्रश्न, "वर कुठलं?" मुलं माझी नक्कल करतात — चष्मा नाकावर ओढून, कमरेवर हात ठेवून. आज सगळ्यांनी एकदम केली. मीही हसले.

मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आणि कळलंच नाही तर?"

"तर तसं लिहायचं, कळलं नाही म्हणून. त्यात कसली लाज?"

किती पटकन बोलून गेले! मग बाटलीतलं सगळं पाणी प्यायले.

मंगळवार, १० सप्टेंबर

पेटीवालीचा फोन नाही. मीही केला नाही. चोराच्या मनात चांदणं!

गुरुवार, १२ सप्टेंबर

त्यांनी फोटो पाठवलेत. सोबत दोनच ओळी — "मॅडम, सहाव्या तुकड्यात अर्धे भरलेले बुडबुडे दिसतात. तुम्ही बघितलेले असतीलच."

नव्हते बघितले. तेव्हाचे फोटो काळेपांढरे, दगड काळा, बुडबुडे मोहरीएवढे. आणि खरं सांगायचं तर मी शोधलेच नाहीत. लाव्हातल्या बुडबुड्यात नंतर गाळ साचतो. भांड्यातल्या पाण्यासारखा तळाशी सपाट बसतो, रिकामी जागा वर. एक बुडबुडा नीट दिसला की वर कुठलं ते ठरलं. मग माझ्या बाणाला कुणी विचारत नाही.

फोटो उघडला नाही. सगळ्या खोल्यांतून चार फेऱ्या मारल्या. शेवटी ह्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं — जिना, पेटी, बाण. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. दातांचे डॉक्टर होते, माणसाचा आ बंद होईपर्यंत थांबायची सवय. मग म्हणाले, "मी एका पोस्टमनची चुकीची दाढ काढली होती. तुला सांगितलं नाही कधी."

"काय सांगताय! मग?"

"आठ दिवस त्याच्या गल्लीतून गेलोच नाही. नवव्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, 'तरीच! म्हटलं, दुखायचं थांबत कसं नाही!'"

"रागावला नाही?"

"रागावला ना. वर दुखरी दाढ तिथेच, त्याच्या ओसरीवर काढायला लावली. पण मरेपर्यंत माझ्याकडेच येत होता."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग ते थांबेचना. हे नुसते पाठीवरून हात फिरवत बसले.

शनिवार, १४ सप्टेंबर

सकाळी अंघोळ करून, परीक्षेला बसावं तशी बसले. फोटो उघडला. बाण माझाच. निळा, वर करून. त्याच्या डावीकडे तीन बुडबुडे. तिन्हींत गाळ वरच्या बाजूला, रिकामं खाली.

तुकडा उलटा आहे. पृथ्वीचा चुंबक तेव्हा उलटला नव्हता. मी दगड उलटा ठेवला होता!

विचित्र गोष्ट — पहिल्यांदा बरं वाटलं. मग फोटो दोनदा फिरवून पाहिला, थेट जिन्यावर तुकडा फिरवला होता तसा.

रविवार, १५ सप्टेंबर

गप्प बसता येईल. पेटीवाली बोलणार नाही, तिचा स्वभाव नाही. तेरा दिवस काढले की हार, भाषण, घर. झाकली मूठ!

पण ती रेघ पुस्तकात तशीच राहील. विवरावरची ती मुलगी ती पाठ करेल, पुढे दुसऱ्या कुणाला शिकवेल. ही कल्पनाच सहन होत नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

पाठवलं! तो लेख ज्या नियतकालिकात छापला होता, त्यांना दीड पानाचं पत्र. पेटी पडली, बाण अंदाजाने काढला, बुडबुडे असं सांगतात. कप्तानाचं नाव नाही, ओकारीचं नाही. प्रत वकिलाला, प्रत पेटीवालीला.

शेवटी मुद्दाम लिहिलं, 'माझा पुरावा बाद धरावा. शोध मात्र माझ्या विद्यार्थ्याच्या स्वतंत्र कामावर उभा आहे, त्याचं श्रेय यापुढे त्यालाच द्यावं.' हे वाक्य लिहिताना छान वाटलं. माझी रेघ पुसली जाणार नाही, फक्त वकिलाची होईल. पोरगं खूश होईल. म्हणजे माझं तसं काय गेलं? मोठेपणा घ्यायची हौस या वयातही जात नाही, आणि तीही अशी फुकटात!

दुपारी तासभर गाढ झोप लागली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

बुधवार, १८ सप्टेंबर

पेटीवालीचा फोन. "मॅडम, कशाला लिहिलंत? मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नव्हते." म्हटलं, माहीत आहे. त्या नाक ओढत होत्या. सर्दी म्हणाल्या.

वकिलाचा फोन नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आजही नाही. मी दोनदा केला, उचलत नाही. रागावला असेल. सत्काराच्या पत्रिका छापून झाल्यात, 'अकरा सेंटिमीटर' मोठ्या अक्षरांत! त्याला आधी विचारायला हवं होतं मी. हे म्हणतात, "येईल गं, तुझाच विद्यार्थी आहे." पुन्हा घरभर फेऱ्या सुरू.

शनिवार, २१ सप्टेंबर

वकील आला. सहा तासांचा प्रवास करून, न कळवता. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "मॅडम, पीएच.डी.च्या वेळी मी दोनदा रिकाम्या हाताने आलो होतो तुमच्याकडे. ती उलटापालट कुठेच सापडत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, आहे ते, नीट बघ." मला आठवतं. "तिसऱ्या वेळी मी चार तुकडे उलटे ठेवून मोजले."

म्हटलं, आत ये. दुसरं काय म्हणणार? दोन्ही वेळा परत पाठवलं ते मीच.