अब्बांचं पहिलं खातं

७८६
भोर, ३ फेब्रुवारी २००५

ती. अब्बांस,
अम्रीनचा सलाम, वि. वि.

इकडे सर्व खुशाल. वेल्ह्याच्या थंडीत गुरांना लस टोचत फिरताना स्वेटर घालता ना, असं अम्मीने विचारलंय. मला मात्र कॉम्प्युटरचं विचारायचंय.

आंबवड्याचे गेनबाकाका नातीच्या लग्नपत्रिकेचं काम मला देऊन गेले. लई झ्याक झाली पायजे, म्हणाले. पंधरा तारखेच्या आत हवी आहे. हे माझं पहिलं काम. ते नीट झालं तर रस्त्याकडची खोली माझ्या टायपिंगच्या धंद्याला, नाहीतर मोबाईलवाल्याला भाड्याने, हा तुमचाच शब्द. पण मराठी फाँट टाकायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणतो तुम्हाला अधिकार नाहीत. आपल्याकडे पहिलं ताट तुमचं वाढतात, म्हणून मी पहिलं खातंही तुमच्याच नावाने काढलं. तुम्हाला ॲडमिनिस्ट्रेटर केलं आणि अदबीने स्वतःला मर्यादित ठेवलं. तुम्ही जाताना त्याला पासवर्ड लावून गेलात. तेवढा लगेच कळवावा.

लोभ असू द्यावा, पण आधी पासवर्ड द्यावा.
तुमची अम्रीन

७८६
वेल्हे, ७ फेब्रुवारी

चि. अम्रीन हिस अब्बाची दुआ, वि. वि.

पत्र पोचलं. स्वेटर घालतो. पासवर्ड म्हणजे घराची चावी, ती अशी टपालात टाकायची नसते. फोन करा म्हणशील, तर इथं मोबाईलला रेंज नाही, आणि टपरीवरच्या फोनवर बोललं की अख्खं वेल्हं ऐकतं. तेव्हा मी येईन आणि माझ्या हाताने टाकीन. फक्त मार्गासनीकडची गुरं अजून टोचायची राहिली आहेत, वीस तारखेच्या आत सुट्टी नाही.

तोवर तुझं नाव घालून बघ. नाहीतर अम्मीचं. नाहीतर आपल्या म्हशीचं. यातलंच एखादं असावं.

माया आहेच, तिला काही पासवर्ड नाही.
तुझा अब्बा

७८६
भोर, १२ फेब्रुवारी

ती. अब्बांस सलाम, वि. वि.

तिन्ही नावं घालून झाली, म्हशीचं तर दोनदा. अम्मी म्हणते, इसरला असाल तर सांगून टाका, आमी कुणाला सांगणार न्हाई. मी असलं काही म्हणणार नाही.

दोन दिवस मी घाबरून गेले होते. खोली गेली असंच वाटत होतं. शेवटी कॉम्प्युटर क्लासच्या मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये मुळातच एक ॲडमिनिस्ट्रेटर दडलेला असतो. चालू होताना एफ-आठ दाबत राहायचं आणि सेफ मोड निवडायचा, म्हणजे त्याचं नाव पडद्यावर येतं. त्याला बहुतेक कुणी पासवर्ड लावलेला नसतो. तसंच झालं. नुसतं एंटर दाबलं आणि आत गेले. माझ्या खात्याला पूर्ण अधिकार दिले, पुन्हा चालू करून फाँट टाकला आणि घरच्या प्रिंटरवर सगळ्या पत्रिका काढल्या.

गेनबाकाका काल घेऊन गेले. पहिली पत्रिका आंबवड्याच्या देवळात ठेवायची, आणि दुसरी याकूबला, म्हणजे तुम्हाला, धाडा असं बजावून गेले. ती सोबत आहे.

तुमच्या खात्याला मी हात लावलेला नाही. लावता येतो, पण अब्बांच्या खात्यात न विचारता शिरणं मला बरं वाटेना. त्याचा पासवर्ड काढून टाकू का?

रागावू नये, लोभ ठेवावा.
अम्रीन

७८६
वेल्हे, १६ फेब्रुवारी

चि. अम्रीन हिस पुष्कळ दुआ, वि. वि.

पत्रिका मिळाली. मला फार आनंद झाला. दवाखान्यात सगळ्यांना दाखवली. एक जण बैलाचा खूर दाखवायला आला होता, त्यालाही आधी पत्रिका आणि मग औषध. खाली तुझं नाव एवढं बारीक का छापलंस? पुढच्या वेळी ठळक छाप, चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.

मोबाईलवाल्याला नाही म्हणून कळवलं आहे. खोलीची चावी पिठाच्या डब्यामागे आहे. ती कुठे आहे हे मी विसरलेलो नाही.

माझा पासवर्ड काढून टाक आणि आता मलाच मर्यादित कर. पत्ते खेळण्यापुरते अधिकार मला पुरे. घरात ॲडमिनिस्ट्रेटर एकच असावा आणि ती तू असावीस. तुझा पासवर्ड मात्र मला सांगू नकोस, उगाच विसरेन.

कळावे. दुआ आहेच. पहिलं ताट तेवढं माझंच राहू दे.
तुझा अब्बा