ताईची सपाट रेषा

३ जून

चि. वेलांटीस, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे लाल पेन्सिलीने तपासून सोबत परत पाठवते आहे. चाळिशी उलटली तरी ‘माहिती’तल्या ‘हि’ला दुसरी वेलांटी देतोस, मग हे नाव तुला चिकटणारच.

आता माझी रड ऐक. आमच्या छापखान्यात साहेबांनी सगळ्यांच्या कपाळाला एकेक पट्टी बांधली आहे. तुमच्याच कंपनीची, म्हणून तुला सांगते. कुणाचं डोकं किती चालतंय ते म्हणे पडद्यावर रेषेत उमटतं. फळ्यावर सूचना लागली आहे, ज्याच्या लहरी जास्त त्याला बढती. या न्यायाने साहेब केव्हाच आभाळाला टेकायला हवे होते, पण ते जाऊ दे.

एकतीस वर्षं मी इथे मुद्रितं तपासते. काल औषधाच्या पत्रकात ‘दोन थेंब’च्या जागी ‘दोन चमचे’ जुळवलं होतं, ते मी चहा पिता पिता पकडलं. रेषा मात्र सपाट. शेजारचे जाहिरातवाले ‘कि’ लिहावं का ‘की’ यावर घामाघूम होतात, त्यांची रेषा डोंगर चढते. ते महिन्याचे मानकरी झाले आणि मला साहेबांनी बजावलं, महिनाअखेरपर्यंत डोकं चाललं नाही तर गठ्ठे बांधायच्या खोलीत जायचं. खिडकीजवळचं माझं टेबल सुटणार रे. मला दुसरं काही येतही नाही.

भावजयीला आशीर्वाद. लोभ असावा, आणि तो ऱ्हस्व-दीर्घ बघून लिहावा.

तुझी ताई


९ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लाल रंगात न्हालेलं पत्र मिळालं. फक्त सतरा चुका, म्हणजे माझी प्रगती आहे.

ताई, मी दिवसभर त्याच पट्ट्या दुरुस्त करतो, म्हणून खरं सांगतो. पट्टी मेंदूचे कष्ट दाखवते, काम नाही. नवख्याचा मेंदू धापा टाकतो, मुरलेल्याचा रमतगमत चालतो. हे आमच्या पुस्तिकेत चाळिसाव्या पानावर छापलेलं आहे, पण साहेबलोक चित्रं संपली की पुस्तिका मिटतात.

तुझ्या साहेबांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा वाचता वाचता मनात एकोणीसचा पाढा उलटा म्हण. रेषा छपराला लागेल. तुझी भावजय म्हणते, असले उद्योग शिकवू नका, ताईंना झेपेल पण छापखान्याला झेपणार नाही. तिचं मनावर घेऊ नकोस.

चुकांसकट लोभ आहेच, तो गोड मानून घ्यावा.

तुझा वेलांटी


२८ जून

चि. वेलांटीस, अ. उ. आ.

भावजयीला सांग, तिचंच खरं झालं.

पाढा लगेच लागू पडला. आठवड्यात माझा फोटो फळ्यावर आला. साहेब इतके खूश की पट्ट्यांचं कौतुक करणारी स्वतःची पुस्तिका त्यांनी माझ्याकडेच तपासायला दिली. मुखपृष्ठावर त्यांचा फोटो आणि वर त्यांनी ठरवलेलं नाव, ‘आमच्या मेंदूच्या लहरींवर चालणारा छापखाना’. दोन हजार प्रती ग्राहकांना गेल्या. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. जो तो विचारतो, आज साहेबांची लहर कशी आहे, काम टाकू का.

अक्षरं जुळवणाऱ्याकडून ‘मेंदूच्या’ हा शब्दच गळला होता. ‘आमच्या लहरींवर चालणारा छापखाना’, खाली साहेब हसताहेत. मी ते वाचलं, पण तेव्हा मी एकोणीस साते एकशे तेहतीसवर होते. आणि वाक्य इतकं खरं की चूक वाटलंच नाही.

साहेबांनी त्या दिवशीची माझी रेषा मागवली. छापखान्यातली आजवरची सगळ्यात उंच निघाली. मग मी पाढ्याचं सगळं कबूल केलं. एकतीस वर्षांत माझ्या हातून मुखपृष्ठ चुकलं नव्हतं, ते एका पट्टीला खूश करायला चुकलं. मला फार लाज वाटली. तेच औषधाचं पत्रक असतं तर काय झालं असतं, तेही मी त्यांना विचारलं.

ते उठून आपल्या टेबलाशी गेले. पट्टी बांधून ग्राहकांना माफीचं पत्र लिहायला बसले. चार ओळींना दोन तास लागले. रेषा अशी उसळत होती की जाहिरातवाले उठून बघायला आले. लिहून झाल्यावर साहेब स्वतः खिडकीपाशी आले, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, तुम्ही इथेच बसा, फक्त पाढा म्हणू नका.

माझी पट्टी काढायची राहूनच गेली होती. कागद तपासला, रेषा सपाट, चुका अकरा. त्यातल्या ‘दिलगिरी’तल्या ‘गि’ला तर तुझीच वेलांटी होती.

लोभ वाढवावा, पाढे आवरावेत.

तुझी ताई