अम्माचं माहेर

अम्मा,

तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला तेलुगू लिहिता येत नाही. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती झाली नसती. तू गेलीस म्हणून तर लिहितेय.

अप्पांचे वडील, आपले ताता, निजामाच्या मुलखातून दुष्काळात चालत सोलापूरला आले. अप्पा इथेच जन्मले, इथेच मागावर बसले, तिकडची वाटसुद्धा विसरले. तिकडचं म्हणून एकच माणूस आपल्याकडे येई, तुझा धाकटा भाऊ. तुमची आई तो रांगता असताना गेली आणि तूच त्याला वाढवलंस. मी जन्मले त्याच दिवशी तू सांगून टाकलंस म्हणे, ही माझ्या भावाची. त्यात नवल नव्हतं. आपल्यात भाचीवर पहिला हक्क मामाचा. लेक त्या घरात गेली की आईचं माहेर शाबूत राहतं.

संक्रांत आली की तू मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता दाराकडे बघत राहतेस. मामा येतो, पाय धुतो न धुतो तोच मला खांद्यावर घेऊन सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा दाखवायला निघतो. तू मागून ओरडतेस, "आरं, आदी चार घास खा की!" तेव्हा तुझा आवाज एखाद्या पोरीसारखा होतो. मला मामा फार आवडायचा, हे खरंच सांगते. पण नवरा म्हणून नाही.

मी चौदाची झाले त्या वर्षी तो स्वतः विणलेली साडी घेऊन आला. ती कशासाठी ते सगळ्यांना कळत होतं. आपल्याच पेठेतल्या एका विणकराच्या घरून मला मागणी आली होती, पण अप्पांनी तुझ्याखातर त्यांना थांबवून ठेवलं होतं. मला सोलापूर सोडायचं नव्हतं. चौथी पास झालेली मी, नवी पेठेतल्या दुकानदारांशी घासाघीस करणारी, खेड्यात जाऊन विहिरीचं पाणी ओढू? सरळ नको म्हटलं असतं तर तू दोन थोबाडीत देऊन लग्न लावलं असतंस. म्हणून मी मामाला वाढता वाढता त्यालाच विचारलं, "मामा, माझ्या लग्नात मला टोपल्यात बसवून मांडवात तूच आणशील ना?"

नवरीला मांडवात आणतो तो मामा, आणि जो आणतो तो नवरा नसतो. तू चुलीपुढून मान वर केली नाहीस. मामाने तोंडातला घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आणीन की. लई जड होऊ नकोस म्हंजे झालं." हसलासुद्धा. मग साडी तुझ्या मांडीवर ठेवली, "अक्का, ह्यो भाचीचा आहेर समज." हे सगळं तो तेलुगूत बोलला असणार, पण मला आता ते मराठीतच आठवतं. तो गेल्यावर तू एवढंच म्हणालीस, "लई हुशार झालीस. साळंत हेच शिकवत्यात व्हय?"

लग्नाला तो आला, मला मांडवात आणलं, जेवला आणि हात धुवून लगेच निघाला. पुढच्या संक्रांतीला तू त्याच्या आवडीच्या तिळाच्या चकल्या केल्यास आणि त्या डब्यातच राहिल्या. मी आले होते, तू माझी वेणी घालत होतीस. मागून म्हणालीस, "तू सासरला गेलीस आन् माजं म्हायेर गेलं बघ." मी हसले. म्हणाले, मी सोलापुरातच राहिले की तुझ्याजवळ, आणखी काय पाहिजे तुला? ते हसणं मला आजही डाचतं. वर्षाच्या आत तू तापाने गेलीस, आणि मामा आला तो दहाव्याला.

माझा तीन वर्षांचा धाकटा भाऊ तू माझ्या ओटीत टाकून गेलीस. मी त्याला वाढवलं. आता तो भिवंडीला गेलाय, तिकडे विजेचे माग चालतात. वर्षातून एकदा येतो, तेही आला तर. अप्पा गेल्यापासून माझं म्हणायला तेवढाच उरलाय. मी कांड्या भरते आणि दाराकडे बघते.

माझी लेक सोळाची झाली. तिला मास्तरीण व्हायचंय. गेल्या महिन्यात धाकटा आला होता, ती वाढत होती. तिला तेलुगू धड कळत नाही, म्हणून मी तेलुगूतच त्याला म्हणाले, माझी पोर तुझीच आहे. त्याने मान डोलावली. ती विचारत होती, "काय म्हणालीस गं?" मी म्हटलं, काही नाही, भात वाढ.

हे पत्र मी तिच्याच वहीच्या कागदावर लिहितेय, आणि लिहून झालं की चुलीत घालणार आहे. अम्मा, तिला मी अजून विचारलेलं नाही. ती काय म्हणेल ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी मी भावाला दिलेला शब्द मागे घेतलेला नाही.