बोट निघायचं कुठून

परभणी, १२ जून २०२५

ती. आबांस,
तुमच्या नातीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई आन मेसेज बोटाखाली पळून जातो म्हणता, म्हणून हा कागद. आबा, मला एम.एस्सी.ला जागा मिळाली! चहाचं पीक शिकायचं, तिकडं आसामात, जोरहाटला. पंधरा जुलैच्या आत होकार कळवायचाय. पप्पा म्हणले, आबा हो म्हणले तर जा. सगळं तुमच्यावर ढकलून ते शेतात मोकळे!

पप्पांच्या जुन्या फोनात नकाशाचा खेळ टाकून ठेवलाय. वर गावाचं नाव येतं, आपण नकाशात बोट ठेवायचं. बरोबर असलं की हिरवं, चुकलं की तांबडं. आवाज अजिबात न्हाई, तुमच्यासाठीच बनवल्यासारखा. आसाम खेळून बघा, मग काय ते सांगा.

तुमच्या मायेत कायम जास्तीचा वाटा मागणारी,
वैष्णवी

चकलांबा, १९ जून

चि. वैष्णवीस,
गहिनीनाथचे अनेक आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल. सरकी लावून झाली. तुझा खेळ लई खट्याळ हाय, समदं तांबडंच. कावून म्हणशील, तर त्या नकाशात चकलांबा न्हाई, गेवराई न्हाई, बीड बी न्हाई. बोट निघायचं कुठून? माणूस घरून निघतो का आभाळातून पडतो? तुझी आई मंगल हसती. म्हणती, मामा, फोनला शिव्या देऊ नका, त्याला बी ऐकू येत न्हाई.

खरं सांगतो. तुझी मंजुळाआत्या तेलगावला दिली, तवा दर दिवाळीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच जायचो. पोरगी धाडायची तिथली वाट घरच्या माणसाला ठावी पायजे. जोरहाटला आपलं सोयरं न्हाई, मला वाट ठावी न्हाई. मन न्हाई म्हणतंय. राग धरू नको.

तुझा आबा

परभणी, २३ जून

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

राग न्हाई. रुसलेय मात्र. पण तुमचं बरोबर हाय, नकाशात घरच नसलं तर निघायचं कसं? शेजारच्या सत्यमदादाला सांगून अख्ख्या भारताचा खेळ टाकायला लावलाय. आता गेवराईहून निघा. सावकाश जा, पण पोचा.

तुमच्या हिरव्याची वाट बघणारी,
वैष्णवी

चकलांबा, १ जुलै

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

तर बाई, निघालो. बोट टेकवून नेलं की नकाशाच सरकायचा, म्हणून काचेच्या वर अधांतरी नेलं. भुसावळ, जबलपूर, पाटणा. सिलिगुडीपाशी देश लई चिंचोळा हाय, बोट दर वेळेला बांगलादेशात पडायचं. पासपोर्ट न्हाई म्हणून माघारी फिरलो. काल मात्र गुवाहाटी गाठली, आन पुढं जोरहाट हिरवं झालं! मंगलला हाक मारली. ती पीठ मळता मळता आली, तिचं बोट लागलं आन खेळ बंद. पुन्यांदा गेवराईहून निघालो. पुन्यांदा हिरवं.

आता वाट ठावी झाली. तू होकार कळव.

दिवाळीला मुराळी मी येतो. तुझा बाप तानाजी म्हणतो, आबा, ती एकटी विमानानं येईल. मी म्हणलं, विमानानं येऊ दे, न्हाई तर उडत येऊ दे, पोरीला आणायला माणूस गेलाच पायजे. ठेसनावर हाका मारत बसू नको, मला ऐकू येत न्हाई. रुमाल हलव.

तुझा आबा

जोरहाट, १० ऑगस्ट

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

पोचले. खोली बरी हाय, भात तिन्ही त्रिकाळ. इथल्या पोरींना बीड ठाऊकच न्हाई. खेळ उघडून दिला, तर कोणी गुजरातेत बोट ठेवलं, कोणी समुद्रात. मग मी जोरहाटवरनं निघाले. तुमच्यासारखंच काचेच्या वर अधांतरी, गुवाहाटी, पाटणा, जबलपूर करत घरापर्यंत आले. सगळ्या वाकून बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणल्या, हिला काय झालं?

आपल्या घरात आभार मानायची पद्धत न्हाई, आबा. मानले तर तुम्ही म्हणाल, शिकून परकी झाली. म्हणून एवढंच सांगते. काल बाजारात जाऊन रुमाल आणला.

हिरवा हाय.

तुमचीच,
वैष्णवी