मूठभर जुना कापूस

सोमवार, ४ ऑगस्ट

आज माझ्या हातून घोटाळा झाला. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे मी रोजच साफ करते. घरट्यातला थोडा मळका कापूस तसाच ठेवायचा, असं सांगितलेलं होतं. पण तो कायम माझ्या डोळ्यांत खुपायचा. आज सगळा काढून टाकला, नवा पांढराशुभ्र घातला. दुपारी बघते तर सख्खे भाऊ एकमेकांच्या मानगुटीवर! एकाची शेपटी रक्तबंबाळ.

संशोधक बाई ओरडल्या नाहीत. "मावशी, ते एकमेकांना वासावरून ओळखतात. तुम्ही त्यांची ओळखच धुऊन टाकलीत. नव्या घरात मूठभर जुना कापूस जायलाच हवा."

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "घरातली जळमटं दिसत नाहीत तुला, आणि तिथे बरी स्वच्छता सुचली."

बुधवार, ६ ऑगस्ट

वाचनालयातून या वेळी कळपांवरचं पुस्तक आणलंय. रोज रात्री पान उघडते, तोवर सासूबाईंची हाक येते. काही प्राण्यांत लेकी जन्मभर आईजवळ राहतात, मुलगे वयात आले की निघून जातात. आमच्या घरी उलटं. मी बाहेरून आले, हे गेले, आणि मागे उरलो यांची आई नि मी. रक्ताचं नातं काही नाही. अशा दोघींचा कळप पुस्तकात अजून तरी सापडला नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

वन्सं आल्या आणि सासूबाईंना घेऊन गेल्या. "वहिनी, तुम्ही दिवसभर कामावर, आई एकटी. आता राहू दे माझ्याकडे." मला वाटलं, सासूबाई झटकून टाकतील. त्यांनी चपला पायांत सरकवल्या. मी कपडे भरायला घेतले तर वन्सं म्हणाल्या, "जुनंपानं काही नको, सगळं नवं घेतलंय."

पोटची लेक ती. मी कोण अडवणार?

रविवार, १० ऑगस्ट

भात उरला.

मंगळवार, १२ ऑगस्ट

वन्संचा फोन. सासूबाई झोपत नाहीत, गादीच्या कडेला बसून राहतात. जेवतात दोन घास.

"घरी जायचं म्हणतात का?"

"काहीच म्हणत नाही हो."

त्यांचं पांघरूण इथेच आहे. विरलेलं, औषधी तेलाचा वास मुरलेलं. हातात घेतलं आणि मनात पाप आलं. हे पाठवलं तर त्या तिथे रुळतील. नाही पाठवलं तर वन्संच कंटाळून त्यांना परत आणून सोडतील. मला काही करायला नको, नुसतं गप्प बसायचं.

हे असते तर यांना विचारलं असतं. हे म्हणाले असते, "तुला कळतंय की. मग मला कशाला विचारतेस?"

गुरुवार, १४ ऑगस्ट

पाठवलं. न धुता.

रविवार, १७ ऑगस्ट

वन्संचा फोन. सासूबाईंना झोप लागते, नीट जेवतात. मी बरं म्हटलं, फोन ठेवणार होते.

"वहिनी, एक सांगू? मी आपण होऊन आले नव्हते. आईनंच बोलावून घेतलं. म्हणाली, मी हाक मारीन म्हणून सूनबाई रोज पुस्तकाचं एकच पान उघडून बसते. तिला वाचू दे."

मी त्या हाकेसाठीच बसत होते. हे आता त्यांना कसं सांगू?